सर्वांत भीतीदायक भयपट कोणता, आणि तो नेमका का घाबरवतो?

मूळ लेखन

या धाग्यात केवळ चित्रपटांची नावे न देता त्यांची भीती का वाटली, तेही प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कारणांचा शोध घ्यायचा म्हणजे कथानकाचे शेवट सांगावे लागणार. ज्यांनी पुढे उल्लेखलेले चित्रपट पाहिलेले नाहीत आणि ज्यांना ते कोरेपणाने पाहायचे आहेत, त्यांनी कृपया जपून वाचावे.

चित्रपट चालू असताना वाटणारी भीती आणि तो संपल्यानंतर मागे राहणारी भीती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे माझे मत आहे. पहिली अनेक चित्रपटांना साधते. दुसरी फार थोड्यांना साधते आणि ज्यांना साधते त्यांच्यात एक समान सूत्र दिसते: ज्या गोष्टीवर आपण कधी विचारही न करता भरवसा टाकलेला असतो, नेमका तोच भरवसा हे चित्रपट काढून घेतात.

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'चे (1960) उदाहरण घ्या. स्नानगृह ही दार लावून एकटे राहण्याची, कोणी येणार नाही असे गृहीत धरण्याची जागा. तिथला खून भयंकर आहेच; परंतु त्याहून मोठा धक्का असा, की जिला आपण नायिका समजून इतका वेळ जिच्यासोबत चाललो, तीच कथेच्या मध्यालाही न पोहोचता मारली जाते. आता पुढे कोणाच्या आधाराने पाहायचे, हे प्रेक्षकाला कळत नाही. जागेवरचा विश्वास आणि कथेच्या रचनेवरचा विश्वास हे दोन्ही एकाच प्रसंगात जातात. त्या दृश्यानंतर आपण शॉवरखाली स्नान करणे टाळू लागलो, असे ती भूमिका करणाऱ्या जॅनेट ली यांनी स्वतःच सांगितले होते. दृश्य कसे चित्रित झाले याचा प्रत्येक तपशील जिला ठाऊक होता, तिचीही ही अवस्था झाली, हे मला फार बोलके वाटते.

माझ्या दृष्टीने याच सूत्राचे सर्वांत निर्दय उदाहरण म्हणजे हिदेओ नाकाता यांचा जपानी चित्रपट 'रिंगु' (1998). एक चित्रफीत पाहिली की सात दिवसांनी मृत्यू येतो, एवढेच त्याचे कथाबीज. दूरचित्रवाणी संचातून बाहेर येणारी सादाको सर्वांना आठवते आणि ते योग्यच आहे, कारण पडदा ही प्रेक्षकाची शेवटची भिंत असते आणि इथे ती भिंतच ओलांडली जाते. ते दृश्य अभिनेत्रीला उलट चालायला लावून, मग ते चित्रण उलटे फिरवून साधलेले आहे. म्हणून त्या चालीत माणसाचे शरीर आहे, पण माणसाची हालचाल नाही. तरीही मला त्याच्याआधीचा एक टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. नायिका आणि तिचा पूर्वाश्रमीचा नवरा विहिरीतून सादाकोचे अवशेष शोधून काढतात. भुताच्या कथांचा जुना नियम असा, की अस्थी सापडल्या, अन्याय उजेडात आला, म्हणजे आत्मा शांत होतो. आपण त्या नियमावर विसंबून सुटकेचा श्वास सोडतो आणि त्यानंतर ती येते. नियम पाळूनही सुटका झाली नाही, या जाणिवेतून आलेली भीती कोणत्याही चेहऱ्यापेक्षा खोल जाते. शेवटी सुटण्याचा जो एकमेव मार्ग उरतो, तो म्हणजे फितीची प्रत करून ती दुसऱ्या कोणाला तरी दाखवणे. फीत पाहिलेल्या मुलाला वाचवण्यासाठी आई ती फीत घेऊन स्वतःच्या वडिलांकडे निघते, तेव्हा शाप पुढे नेणारे आता भूत राहिलेले नाही.

जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'मध्ये (1982) माणसांची हुबेहूब नक्कल करणारा परग्रहावरचा जीव अंटार्क्टिकातील तळावर शिरतो आणि शेजारी बसलेला सहकारी माणूसच आहे याची खात्री संपते. रॉब बोटिन यांनी घडवलेली विक्राळ रूपे थक्क करणारी आहेत, यात वाद नाही. परंतु माझ्या लेखी तापवलेली तार रक्तात बुडवून प्रत्येकाची परीक्षा घेतली जाते, तो प्रसंग त्या सर्व रूपांपेक्षा भारी आहे, कारण तिथे सगळे जण माणसांसारखेच बसलेले आहेत.

आरी ॲस्टरच्या 'हेरेडिटरी'ने (2018) तर घरच काढून घेतले. धाकटी बहीण ज्यात दगावते त्या अपघातानंतर घरातला मुलगा गाडी घरी आणतो, काही न बोलता अंथरुणात जाऊन पडतो आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असताना सकाळी आईचा आक्रोश दुरून कानावर येतो. इथे कोणतीही अमानवी शक्ती पडद्यावर नाही, तरी संपूर्ण चित्रपटात मला तोच भाग असह्य झाला. पुढे अंधाऱ्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात एक आकृती असते. कॅमेरा तिच्याकडे झेपावत नाही, संगीताचा दणकाही बसत नाही. ती आपल्याला आपोआप दिसावी, एकाला आधी आणि दुसऱ्याला उशिरा, एवढा धीर दिग्दर्शकाने धरला आहे.

तुमची निवड कोणती, आणि त्या चित्रपटाने तुमच्याकडून नेमके काय काढून घेतले?

प्रतिसाद १

मांडणी पटली, परंतु तिच्यात ध्वनीचा विचार जवळजवळ नाही, आणि भयपटात डोळ्यांपेक्षा कान अधिक असुरक्षित असतात असे माझे ठाम मत आहे. नको असलेले दृश्य डोळे मिटून टाळता येते. आवाज तसा टाळता येत नाही.

'सायको'च्या त्याच प्रसंगासाठी हिचकॉक यांना संगीत नको होते. बर्नार्ड हरमन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे सूर रचले आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपला निर्णय बदलला. पडद्यावर सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. ती आपल्याला ऐकू येते. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (1975) यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे, त्यामुळे ती कमी दाखवावी लागली आणि जॉन विल्यम्स यांच्या दोन सुरांनाच शार्कचे काम करावे लागले. अडचणीतून निघालेला तो मार्ग चित्रपटाचा प्राण ठरला.

परंतु माझी निवड रॉबर्ट वाइज यांचा 'द हाँटिंग' (1963) ही आहे. त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीवर आपटणारे काहीतरी, दारापलीकडून सरकत येणारे ठोके, आणि मग आतल्या बाजूला फुगणारे लाकडी दार, एवढेच साहित्य आहे. अंधारात एलेनॉर आपल्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा ती मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या बाजूला असते. तो हात कोणाचा होता, हे चित्रपट सांगत नाही. भरवसा काढून घेण्याचे तुमचे सूत्र इथेही लागू पडते, फक्त त्याची सगळी तयारी कानांवाटे झालेली आहे.

प्रतिसाद २

दचकणे आणि घाबरणे यांतला फरक इथे स्पष्ट करावासा वाटतो. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच सुरू होते, म्हणजे विचार करायला वेळच नसतो. ती भीतीदायक आशयाशिवायही घडवता येते. म्हणूनच एखाद्या चित्रपटात आपण वीस वेळा दचकलो, यावरून तो भीतीदायक होता असे म्हणता येणार नाही.

या युक्तीचा मूळ नमुना मात्र सुंदर आहे. जॅक टुर्नर दिग्दर्शित 'कॅट पीपल'मध्ये (1942) रात्री एकटी चाललेली स्त्री मागून येणाऱ्या पावलांच्या चाहुलीने वेग वाढवते, चाहूल थांबते, शांतता ताणली जाते, आणि श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा आवाज करत चौकटीत शिरते ती एक बस. निर्मात्याच्या नावावरून या क्लृप्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. तिथे दचकण्याआधी भीती साठवलेली आहे आणि दचकल्यावरही ती संपत नाही. आजच्या अनेक चित्रपटांनी बस तेवढी उचलली आणि तिच्याआधीचा रस्ता सोडून दिला.

प्रतिसाद ३

'द एक्झॉर्सिस्ट'चे (1973) नाव अद्याप कोणीच कसे घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. एका लहान मुलीला सैतानाने पछाडल्याची ती कथा. माझ्यासाठी आजही तोच पहिला, आणि मी सैतान मानत नाही. हा विरोधाभास मला बराच काळ छळत असे. ज्याचे अस्तित्वच मी नाकारतो, त्याची भीती मला का वाटावी?

पुन्हा पाहताना असे लक्षात आले, की चित्रपटाचा पहिला मोठा भाग सैतानाचा नाहीच. आजारी मुलगी, घाबरलेली आई आणि एकामागून एक तपासण्या यांचा तो आहे. मानेतून सुई घालून केलेली मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी विल्यम फ्रीडकिन यांनी इतक्या कोरड्या, माहितीपटासारख्या रीतीने दाखवली आहे, की अनेक प्रेक्षकांना पुढच्या कोणत्याही चमत्कारापेक्षा तेच दृश्य सोसवत नाही. डॉक्टर प्रामाणिक आहेत, कोणी निष्काळजी नाही, आणि तरीही उत्तर मिळत नाही. अखेरीस तेच डॉक्टर धर्मविधीचा मार्ग सुचवतात, तेव्हा माझ्यासारख्या नास्तिकाच्या पायाखालची जमीन सरकते. सैतान खरा आहे असे चित्रपट मला पटवून देत नाही; पण आपले मूल हाताबाहेर जात असताना जगातील कोणतेही ज्ञान पुरे पडत नाही, ही अवस्था तो मला पटवून देतो.

त्यात भर म्हणजे कारागिरीचा हट्ट. खोलीतील थंडी दिसावी म्हणून मुलीच्या शयनगृहाचा संपूर्ण देखावा शीतयंत्रे लावून गोठवला होता. नटांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे. मुलीच्या तोंडून येणारा तो घोगरा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या अनुभवी अभिनेत्रीचा आहे. लहान चेहऱ्यातून एक वयस्क, झिजलेला आवाज येतो, तेव्हा डोळे आणि कान एकमेकांशी सहमत होत नाहीत.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील निरीक्षण फार मोलाचे आहे आणि त्यामुळे माझ्या सूत्राला नवे टोक आले. मी जागा, माणूस आणि कथेचे नियम एवढ्यांचाच विचार केला होता. सज्जन, कुशल माणसांनी प्रयत्न केले की ते पुरे पडतात, हा भरवसा त्याहून मूलभूत आहे.

ध्वनीविषयी पूर्ण सहमत. त्यात एवढीच भर घालतो, की संगीताचा अभावही तितकाच घातक ठरतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (1999) तंबूबाहेरचे आवाज आणि धापा टाकणारी माणसे एवढेच ऐकू येते. नटांनीच कॅमेरे चालवले, त्यांना रोजच्या प्रसंगाच्या सूचना चिठ्ठ्यांतून मिळत आणि मुद्दाम खाणे कमी दिले जाई, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि चिडचिड बऱ्याच अंशी खरी आहे. शेवटच्या क्षणी एक जण तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो. सुरुवातीच्या मुलाखतीत ओझरते आलेले एक वाक्य ज्याच्या लक्षात राहिले आहे, त्यालाच त्या उभे राहण्याचा अर्थ कळतो. प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर एवढा विश्वास टाकणारा शेवट मला दुसरा माहीत नाही.

प्रतिसाद ४

वयाचा मुद्दा विसरून चालणार नाही. अमेरिकेत 1983 मध्ये 'द डे आफ्टर' हा अणुयुद्धावरील चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा संशोधक जोॲन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या प्रतिक्रिया अभ्यासल्या. सर्वांत लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाली होती आणि पालक सर्वांत जास्त. लहान मूल डोळ्यांना दिसणाऱ्या विद्रूपाला घाबरते. जे घडू शकते, त्याची भीती वाटायला जगाची समज यावी लागते.

म्हणून माझी निवड भयपटांच्या कपाटात ठेवलीही जात नाही. बीबीसीचा 'थ्रेड्स' (1984) हा तो चित्रपट. शेफिल्ड शहरावर अणुबॉम्ब पडतो आणि त्यानंतरची वर्षे एखाद्या सरकारी अहवालाच्या थंडपणाने उलगडतात. मिक जॅक्सन यांनी निवेदकाचा आवाज आणि पडद्यावर उमटणारी आकडेवारी अशी वापरली आहे, की रडायलाही उसंत मिळत नाही. अन्न संपते, भाषा तुटत जाते, नंतर जन्मलेल्या मुलांना नीट बोलताही येत नाही. भूत नसल्यामुळे मांत्रिकही नाही. मला भुताचा चित्रपट पाहून झोप लागते. हा पाहून लागली नव्हती.

प्रतिसाद ५

वरील मताचा आदर राखून असहमत आहे. जे घडू शकते त्याला आपण चिंता म्हणतो, आणि चिंतेसाठी वर्तमानपत्र पुरेसे आहे. भयपटाची भीती वेगळ्या प्रतीची असावी लागते. जे जगाच्या व्यवस्थेत बसतच नाही, ते समोर येऊन उभे राहिल्यावर अंगावर येणारा काटा तिच्यात असावा लागतो.

त्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे जॅक क्लेटन यांचा 'द इनोसंट्स' (1961). मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेला तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यांत काळ्या वस्त्रांतील एक स्त्री उभी दिसते. भर दिवस आहे, ती दूर आहे, ती काहीही करत नाही. केवळ तिथे असते. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद चौकटीच्या कडा काळवंडून टाकल्या आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर सतत कडांकडे ओढली जाते. ती स्त्री खरोखर आहे की शिक्षिकेच्या मनात आहे, हा प्रश्न चित्रपट अखेरपर्यंत सोडवत नाही, आणि दोन्ही उत्तरे सारखीच भयंकर आहेत: एक खरे मानले तर मुले भुतांच्या ताब्यात आहेत, दुसरे मानले तर ती एका भ्रमिष्ट बाईच्या ताब्यात आहेत.

कियोशी कुरोसावा यांच्या 'पल्स'मध्येही (2001) एक स्त्री संथपणे चालत येते, मध्येच तिचा तोल ढळतो, आणि ती सावरून पुन्हा चालू लागते. तेवढ्यानेच माझे रक्त गोठले होते. भूत अडखळते, म्हणजे त्याला शरीर आहे. आणि ते शरीर आपले नियम पाळत नाही.

प्रतिसाद ६

'तुंबाड'विषयी (2018) लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होऊ नये. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे वाचकांना ठाऊक असेलच. अखंड पाऊस, ओल धरलेला वाडा आणि साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी यांनी सुरुवातीचा भाग भारून टाकला आहे. परंतु माझ्या मते सर्वांत भयाण प्रसंग नंतरचा आहे. नायक विनायक मोठा होऊन परततो, तेव्हा ती मेलेली नसते. तिच्या शरीरातून झाड उगवलेले असते आणि तरीही ती बोलते. मरण न येणे हा शाप किती भयंकर असू शकतो, हे तिथे एका प्रतिमेत कळते, आणि तिच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र खजिन्याचाच पत्ता विचारत असतो.

खजिन्यापाशी असलेल्या हस्तर या शापित देवाला मी घाबरलो नाही, हेही नमूद करतो. तो भुकेला आहे, त्याची मर्यादा आखलेली आहे, त्याच्यापासून वाचण्याची युक्ती माहीत आहे. मर्यादा नाही ती विनायकाच्या लोभाला, आणि बापाचा तोच धडा मुलगा किती उत्साहाने गिरवतो, हे पाहताना पोटात खड्डा पडतो. या निकषावर तो 'रिंगु'च्या शेवटाच्या फार जवळ जातो: वारसा पुढे देणारी माणसेच असतात.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपटही अवश्य पाहावा. चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या घरातील गर्भवती स्त्रीची ती कथा आहे, आणि प्रतिसाद ५ मध्ये ज्या दिवसाउजेडाच्या भीतीचा उल्लेख आहे, ती तिथे उसाच्या भिंतींत सापडते. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय तिच्या मुळाशी असल्याने 'घडू शकणारे' आणि 'घडू न शकणारे' यांतील वरचा वाद त्या चित्रपटात आपोआप मिटतो, असे मला वाटते.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद ४ आणि ५ यांच्यातील मतभेदावर मीही विचार केला, आणि माझा कौल थोडा प्रतिसाद ४ कडे झुकतो. याचे कारण म्हणजे जॉर्ज स्लायझर यांचा डच चित्रपट 'स्पोरलूस' (1988). मूळ लेखनात तो मुद्दाम घेतला नव्हता, कारण त्याचा शेवट सांगितल्याशिवाय त्याविषयी काहीच बोलता येत नाही.

प्रवासात एका थांब्यावर एक तरुणी नाहीशी होते. तिचा प्रियकर रेक्स तीन वर्षे तिचा शोध घेतो. अखेर अपहरणकर्ता स्वतःच त्याच्यासमोर येतो. तो संसारी, मुलींवर माया करणारा, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा गृहस्थ आहे. तो रेक्सला सांगतो, की तिचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर तिने जे भोगले तेच तुलाही भोगावे लागेल, आणि गुंगीचे औषध घातलेली कॉफी पुढे करतो. रेक्स नकार देऊ शकतो, पोलिसांकडे जाऊ शकतो, निघून जाऊ शकतो. तो कॉफी पितो. शुद्धीवर येतो तेव्हा तो जमिनीखाली पेटीत पुरलेला असतो.

तो का पितो, हे मला पूर्णपणे समजले, आणि त्याच्या जागी मीही पिण्याची शक्यता आहे हे कळले, तेव्हा वाटलेली भीती मला इतर कोणत्याही चित्रपटाने दिलेली नाही. हातात सुरी नाही, अंगावर कोणी धावून येत नाही, माणूस केवळ माहिती हवी म्हणून स्वतःच्या पावलांनी आत जातो. स्लायझर यांनी पुढे 1993 मध्ये हॉलिवुडसाठी हीच कथा पुन्हा चित्रित केली, आणि त्यात नायकाची सुटका होते. कथानक तेच आहे, दिग्दर्शक तोच आहे, पण त्या एका बदलाने भीतीचा मागमूसही उरत नाही. ज्यांना दोन्ही आवृत्त्या पाहणे शक्य आहे, त्यांनी आधी मूळ डच आवृत्ती पाहावी आणि दोन्हींची तुलना इथे लिहावी.